मन वळवणे आणि मोजून पाहणे

चपलांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात काचेमागे लावलेल्या किमतींच्या चिठ्ठ्या तुम्ही कधी लक्षपूर्वक वाचल्या आहेत काय? ३०० रुपये, ५०० रुपये अशा पूर्ण रकमा तेथे क्वचितच आढळतात. आढळतात त्या २९९, ४९९, ९९९ अशा. एका रुपयाने गिऱ्हाइकाचा काही मोठा लाभ होत नाही आणि दुकानदाराचेही फारसे बिघडत नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

दुकानदाराला विचारले तर तो म्हणेल, “अशा किमतीने माल खपतो.” त्याचे म्हणणे खरे असेल, पण माल का खपतो आणि नेहमीच खपतो काय, हे प्रश्न तसेच राहतात. अमेरिकेतील मनोज थॉमस व विकी मॉर्विट्झ या संशोधकांनी याविषयीचे आपले प्रयोग २००५ साली प्रसिद्ध केले. त्यांना असे दिसून आले, की ३.०० डॉलरऐवजी २.९९ डॉलर अशी किंमत लिहिली तर वस्तू बरीच स्वस्त वाटते, पण ३.६० ऐवजी ३.५९ लिहिली तर तसे वाटत नाही. फरक दोन्हीकडे एका सेंटचाच आहे. मग परिणामात फरक का? आपण संख्या डावीकडून वाचतो आणि पहिला अंक वाचताच मनात अंदाज बांधू लागतो. म्हणून डावीकडचा अंक बदलला तरच ही युक्ती चालते.

येथे दोन वेगळ्या विद्यांची गाठ पडते. एक विद्या वस्तू लोकांपर्यंत पोहोचवण्याची; दुसरी, लोक असे का वागतात हे प्रयोगाने शोधून काढण्याची. या दोन्ही विद्या एकाच वेळी शिकून दोन पदव्या घेण्याची सोय आज काही देशांत आहे. तिचे स्वरूप काय आणि उपयोग काय, हे आपण या लेखात पाहू.

तीन विषय, तीन प्रश्न

प्रथम तिन्ही विषयांची ओळख करून घेऊ.

विपणन, म्हणजेच मार्केटिंग. पुष्कळांना वाटते, की विपणन म्हणजे जाहिरात. पण जाहिरात हा त्याचा एक भाग झाला. कोणती वस्तू बनवावी, तिची किंमत किती ठेवावी, ती कोठे मिळावी आणि तिची माहिती लोकांना कशी द्यावी, या चारही गोष्टींचा विचार विपणनात होतो. गावात साबण मिळतच नसेल, तर साबणाची सुंदर जाहिरात करून काय उपयोग?

दुसरा विषय जनसंपर्क. एखादी संस्था आणि समाज यांच्यातील विश्वास निर्माण करणे व टिकवणे हे जनसंपर्काचे काम. त्याची खरी परीक्षा संकटात होते. १९८२ साली अमेरिकेतील शिकागो परिसरात ‘टायलेनॉल’ या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि ७ माणसे दगावली. विष कंपनीने घातलेले नव्हते. तरीही कंपनीने लोकांना सावध केले, देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि पुढे कोणी उघडल्यास लगेच कळेल अशी वेष्टणे आणली. गमावलेला विश्वास तिला पुष्कळसा परत मिळाला. हे काम केवळ गोड शब्दांचे नव्हते. आधी योग्य कृती, मग बोलणे, असा त्याचा क्रम होता.

तिसरा विषय वर्तनविज्ञान. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या साहाय्याने माणसाच्या वागण्याचा अभ्यास करणारे हे शास्त्र. माणसे काय बोलतात यापेक्षा प्रत्यक्षात काय करतात, याकडे त्याचे अधिक लक्ष असते.

थोडक्यात सांगायचे तर विपणन विचारते, ‘लोकांना काय द्यावे आणि कसे?’ जनसंपर्क विचारतो, ‘लोकांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा?’ आणि वर्तनविज्ञान विचारते, ‘लोक असे का वागतात आणि हे तुम्हाला कशावरून कळले?’

जुने नाते

या विषयांचे नाते नवे नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे वॉल्टर डिल स्कॉट यांनी जाहिरातींच्या मानसशास्त्रावर १९०३ आणि १९०८ मध्ये पुस्तके लिहिली. वर्तनवादाचे एक प्रवर्तक जॉन वॉटसन हे १९२० मध्ये विद्यापीठ सोडल्यावर एका मोठ्या जाहिरात कंपनीत गेले आणि तेथे उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले.

जनसंपर्काच्या इतिहासात एडवर्ड बर्नेज यांचे नाव नेहमी येते. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचे ते भाचे. १९२९ साली एका तंबाखू कंपनीने त्यांच्यावर एक काम सोपवले. स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणे त्या काळी अमेरिकेत लाजिरवाणे समजले जाई. बर्नेज यांनी ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत काही तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावले आणि सिगारेट म्हणजे स्वातंत्र्याची मशाल, असा त्याचा अर्थ वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवला. लोकांनी ती बातमी म्हणून वाचली. तिच्यामागे तंबाखू कंपनीचा पैसा आहे, हे त्यांना माहीत नव्हते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही, की मन वळवण्याची विद्या स्वतः चांगली नसते की वाईट नसते. पण ज्याचे मन वळवायचे त्याच्यापासून हेतू लपवला, की ती फसवणूक होते. दुसरी ही, की अमेरिकन स्त्रियांमधील धूम्रपान या मिरवणुकीच्या आधीपासूनच वाढत होते. तेव्हा त्यातील किती वाढ मिरवणुकीमुळे झाली, हे कोणी मोजलेले नाही. कीर्ती मात्र मोजमापाशिवायच पसरली. पुढे तंबाखूचे दुष्परिणाम स्पष्ट झाल्यावर बर्नेज यांनीच १९६० च्या दशकात धूम्रपानाविरुद्धच्या प्रचारात भाग घेतला.

न झालेला चमत्कार

मोजमापाशिवाय केलेला दावा किती दूर जाऊ शकतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९५७ साली जेम्स व्हिकरी या बाजार-संशोधकाने जाहीर केले, की न्यू जर्सीतील एका चित्रपटगृहात त्याने पडद्यावर दर ५ सेकंदांनी, एका सेकंदाच्या ३००० व्या भागाइतका वेळ, मक्याच्या लाह्या खाण्याची व कोका-कोला पिण्याची सूचना चमकवली. डोळ्यांना ती दिसलीही नाही. तरी लाह्यांची विक्री ५७.५ टक्क्यांनी आणि कोका-कोलाची १८.१ टक्क्यांनी वाढली, असे त्याचे म्हणणे होते.

जगभर खळबळ उडाली. आपल्या नकळत कोणी आपल्या मनात शिरू शकतो, या कल्पनेने लोक घाबरले. पण इतरांनी चाचणी घेतली तेव्हा विक्री वाढली नाही. अखेर १९६२ मध्ये व्हिकरीने एका मुलाखतीत मान्य केले, की त्याच्याजवळची माहिती इतकी तुटपुंजी होती, की तिच्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

आता विचार करा. ५७.५ हा आकडा दशांश चिन्हासह सांगितला, की किती शास्त्रीय वाटतो! पण ज्या दिवशी सूचना दाखवली नाही त्या दिवशी किती लाह्या खपल्या? हवा कशी होती? चित्रपट कोणता होता? हे प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, तो अशा आकड्याला भुलत नाही. वर्तनविज्ञानाच्या अभ्यासक्रमात ही सवयच प्रामुख्याने लावली जाते.

सूर्य, टोपी आणि सीगल पक्षी

तिन्ही विषय एकत्र आले आणि चांगले काम झाले, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते.

त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण ज्या देशांत सर्वांत जास्त आहे, त्यांत ऑस्ट्रेलियाचा समावेश होतो. तेथील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे, गोऱ्या त्वचेचे. ऊन मात्र प्रखर. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे रंगद्रव्य गोऱ्या त्वचेत कमी असते. त्यातच उन्हात पडून कातडी तांबूस करून घेणे हे आरोग्याचे व सौंदर्याचे लक्षण मानले जाई. म्हणजे अडचण केवळ अज्ञानाची नव्हती, आवडीचीही होती.

१९८१ साली व्हिक्टोरिया राज्यातील कर्करोग-प्रतिबंधक संस्थेने ‘स्लिप! स्लॉप! स्लॅप!’ ही मोहीम सुरू केली. सिड नावाचा एक चित्रातला सीगल पक्षी दूरदर्शन संचावर नाचत-गात येई आणि तीन गोष्टी सांगे : सदरा चढवा, ऊन-रोधक मलम लावा, डोक्यावर टोपी घाला. हे शब्द लहान मुलांच्याही तोंडी बसले. १९८८ पासून ‘सनस्मार्ट’ या नावाने हे काम अधिक व्यापक झाले. विशेष म्हणजे त्यासाठी पैसा देणाऱ्या आरोग्यसंवर्धन निधीची स्थापना १९८७ च्या तंबाखू कायद्याने, तंबाखूवरील कराच्या आधारे झाली होती.

या मोहिमेत विपणन कोठे होते? टोपी व मलम सहज मिळावे, शाळांच्या मैदानांवर सावली व्हावी, शाळेच्या गणवेशातच रुंद काठाची टोपी यावी, यासाठी झालेल्या प्रयत्नांत. जनसंपर्क कोठे होता? शाळा, क्रीडासंघटना, डॉक्टर आणि वृत्तपत्रे यांना बरोबर घेण्यात. आणि वर्तनविज्ञान? ते होते मोजमापात.

उन्हाळ्यातील शनिवार-रविवार संपल्यावर मेलबर्न शहरातील लोकांना दूरध्वनी करून विचारले जाई : सुट्टीच्या दिवशी तुम्ही बाहेर होता काय? टोपी घातली होती काय? त्वचा भाजली काय? ‘तुम्ही साधारणपणे काळजी घेता काय?’ असे विचारले तर बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. म्हणून नुकत्याच झालेल्या ठरावीक दिवसाविषयीच विचारले जाई. तीन उन्हाळ्यांत चार हजारांहून अधिक लोकांची अशी पाहणी झाली. १९८८ मध्ये १९ टक्के लोक टोपी घालत. १९९० मध्ये २९ टक्के. मलम लावणारे १२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेले. त्वचा भाजलेल्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले.

पण एखादा उन्हाळा मुळातच थंड असला तर? मग त्वचा कमी भाजण्याचे श्रेय मोहिमेला देणे चूक ठरेल. ही शंका संशोधकांनाही आली होती. म्हणून त्या त्या दिवसाचे तापमान हिशेबात घेऊन त्यांनी तुलना केली आणि तरीही घट दिसली. पुढील दशकांत ऑस्ट्रेलियातील तरुणांमध्ये मेलॅनोमा या घातक कर्करोगाचे प्रमाणही उतरू लागले. अर्थात हे सारे श्रेय एका मोहिमेचे म्हणता येत नाही; त्या काळात देशात गडद त्वचेचे नागरिकही वाढले. असा हात राखून केलेला दावाच टिकतो.

दोन पदव्यांची रचना

ऑस्ट्रेलियातच दोन पदव्या एकत्र घेण्याची पद्धत चांगली रूढ आहे. व्यवसायशास्त्राची पदवी ३ वर्षांची, वर्तनविज्ञानाची ३ वर्षांची. वेगवेगळ्या घेतल्या तर ६ वर्षे लागतील. पण प्रत्येक पदवीत काही विषय ऐच्छिक असतात. एका पदवीच्या ऐच्छिक विषयांच्या जागी दुसरीचे मुख्य विषय धरले जातात आणि मग दोन्ही पदव्या साधारण ४ वर्षांत पुऱ्या होतात. मात्र वर्ष वाचले तरी श्रम वाचत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

भारतातही एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदवी अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील, तर त्यांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक वर्गात व दुसरा दूरशिक्षणाने, असेही करता येते.

अभ्यासक्रमात काय असते? एका बाजूला ग्राहकांचे वर्तन, किमती, वितरण, जाहिरात, लेखन, माध्यमे व कायदा. दुसऱ्या बाजूला शिकणे, स्मरण, निर्णय, समूहाचा प्रभाव, प्रयोगाची रचना आणि संख्याशास्त्र. गणित नको म्हणून या शाखेकडे वळणाऱ्यांनी शेवटचा शब्द पुन्हा वाचावा! तसेच ही पदवी मिळाली म्हणजे मानसोपचार करण्याची परवानगी मिळाली, असे मुळीच नाही. त्यासाठी पुढील वेगळे शिक्षण व नोंदणी लागते.

अशा अभ्यासात कसे प्रयोग येतात, याचे एक उदाहरण पाहा. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात दगड बनलेल्या प्राचीन लाकडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक तेथील तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. एकीचा आशय होता : आजवर अनेक पर्यटकांनी लाकूड उचलून नेल्याने उद्यानाचे रूप बदलले आहे. दुसरीचा आशय होता : कृपया लाकूड नेऊ नका. खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी पहिल्या पाटीजवळून ७.९२ टक्के चोरीला गेले. दुसऱ्या पाटीजवळून १.६७ टक्के. ‘अनेक जण नेतात’ हे वाचून लाज वाटण्याऐवजी ‘मग मी नेले तर काय?’ असे लोकांना वाटले असावे. आपल्याकडे ‘लोक येथे कचरा टाकतात, हे योग्य नाही’ अशा अर्थाच्या पाट्या दिसतात. त्यांचा परिणाम काय होत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

मात्र पुस्तकात छापलेला प्रत्येक प्रयोग अंतिम असतो असेही नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्नियातील दुकानात कधी २४, तर कधी ६ प्रकारचे मुरांबे चाखायला मांडले होते. २४ प्रकारांपाशी जास्त लोक थांबले, पण त्यांपैकी ३ टक्क्यांनीच मुरांबा विकत घेतला. ६ प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी घेतला. ‘फार निवड दिली की माणूस गोंधळतो’ हे वाक्य त्यावरून सर्वतोमुखी झाले. पण २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही परिस्थितींत गोंधळ होतो, काहींत होत नाही. केव्हा होतो, हा खरा प्रश्न आहे.

ज्ञानाची दुसरी बाजू

हे ज्ञान विक्रेत्याच्या हाती असते, तसे ते ग्राहकाच्या रक्षणासाठीही वापरता येते. मोबाइलवर खरेदी करताना ‘फक्त २ नग शिल्लक!’ अशी खोटी घाई दाखवणे, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणारे शब्द वापरणे, अशा क्लृप्त्या माणसाच्या वर्तनाचा अभ्यास करूनच योजलेल्या असतात. भारत सरकारने २०२३ मध्ये अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ही तत्त्वे लिहिणाऱ्यालाही विक्रीची विद्या आणि माणसाचे मन, दोन्ही कळावे लागते. म्हणून दोन पदव्यांचा हा अभ्यासक जाहिरात संस्थेत जाईल, तसा आरोग्य खात्यात, वीज वाचवण्याच्या मोहिमेत किंवा ग्राहक संघटनेतही उपयोगी पडेल.

करून पाहा

एक छोटा प्रयोग तुमच्या शाळेत करता येईल. त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. सहा वर्ग निवडा. पहिला आठवडा काहीही न करता, मधल्या सुट्टीत किती रिकाम्या वर्गांत पंखे किंवा दिवे चालू राहतात, ते रोज मोजा. मग नाणे उडवून कोणत्या तीन वर्गांत पहिली पाटी आणि कोणत्या तीन वर्गांत दुसरी लावायची ते ठरवा. पहिली पाटी : ‘वीज वाचवा.’ दुसरी पाटी : ‘आपल्या शाळेतील बहुतेक वर्ग सुट्टीत पंखे बंद करतात.’ मात्र पहिल्या आठवड्याच्या मोजणीत हे विधान खरे ठरले असेल तरच दुसरी पाटी लावा. खोटी पाटी लावू नका. पुन्हा दोन आठवडे मोजा.

वर्गांची निवड तुम्ही न करता नाण्यावर का सोपवायची, पहिल्या आठवड्याची मोजणी कशासाठी, आणि सहा वर्ग पुरेसे आहेत काय, या प्रश्नांची चर्चा शिक्षकांबरोबर अवश्य करा. शेवटी आकडे शाळेच्या फळ्यावर लिहा आणि प्रयोग कशासाठी केला तेही सर्वांना सांगा. दोन्ही पाट्यांत काही फरक आढळला नाही, तर तेही तसेच लिहा.